मोठ्या दुकानात पहिली खरेदी: घरच्या यादीपासून बिल जपून ठेवण्यापर्यंत

यावल, साक्री किंवा तळोद्याकडच्या एखाद्या गावातून जळगाव, धुळे वा भुसावळला नव्याने राहायला आलेल्या माणसाने आजवर किराणा बहुतेक ओळखीच्या दुकानातूनच घेतलेला असतो. दुकानदार घराला ओळखतो, वहीवर उधारी मांडतो आणि ‘या खेपेची तूरडाळ लवकर शिजत नाही, दुसरी देतो’ असे आपणहून सांगतो. शहरातील डी-मार्ट, स्मार्ट बझार, विशाल मेगा मार्ट यांसारख्या मोठ्या स्वयंसेवा दुकानांना आपल्याकडे सरसकट ‘मॉल’ म्हणतात. तेथे माल भरपूर असतो आणि बऱ्याच वस्तू छापील किमतीपेक्षा स्वस्तही मिळतात. मात्र माल निवडणे, तोलून घेणे, तारीख पाहणे, भाव ताडणे आणि हिशेब तपासणे ही जी कामे गावचा दुकानदार आपल्यासाठी करत असे, ती सर्व येथे आपल्या अंगावर येतात. ही कामे कोणती आणि ती कोणत्या क्रमाने करावीत, हे माहीत नसल्यामुळे नवख्या माणसाचे पैसे जातात. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहिला आहे.

घरून निघण्यापूर्वी

यादी करताना केवळ वस्तूचे नाव लिहू नये. तिचे वजन आणि आपण नेहमीच्या दुकानात तिला शेवटचा दिलेला भावही लिहावा. ‘साखर’ असे लिहिण्याऐवजी ‘साखर, ५ किलो, मागचा भाव अमुक’ असे लिहिलेले असले, म्हणजे दुकानातील मोठ्या अक्षरांतील पाटी खरोखर स्वस्ताई सांगते की नाही, हे उभ्या उभ्या कळते. भाव ठाऊक नसलेल्या माणसाला प्रत्येक सवलत मोठी वाटते.

यादीतून काही वस्तू आधीच वगळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाचा गहू आणि कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी लागणारी ज्वारी व उडीद उन्हाळ्यात जळगावच्या दाणा बाजारासारख्या ठिकाणी पोत्याने घेणे बहुधा परवडते, कारण तेथे धान्य हातात घेऊन, दाणा दाताखाली चावून पाहता येतो. कराचाही फरक आहे: सुट्या धान्यावर जीएसटी नाही, तर १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून वेष्टनावर मजकूर छापलेल्या धान्य, डाळी व पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुक्या मिरचीसाठी नंदुरबारचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि हंगामात तिथली मिरची आणून कांडून घेणाऱ्या घराला पाकिटातील तिखट आवडणे कठीण आहे. भरिताची वांगी तर यावल तालुक्यातील बामणोदकडची, बाजारात ताजी आलेली घ्यावीत. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि थंड कपाटात दोन दिवस राहिलेल्या वांग्याला ती चव राहत नाही.

उलट साबण, कपडे धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटे, फरशी पुसण्याचे द्रव, प्लास्टिकचे डबे, स्टीलची भांडी आणि घरात घालायचे साधे कपडे या बाबतींत मोठ्या दुकानाचा भाव बहुधा चांगला असतो. पाकीटबंद वस्तू सगळीकडे एकच असते, त्यामुळे तेथे फक्त भावाची तुलना उरते.

गावाहून येणाऱ्यांनी भाड्याचा हिशेबही यादीतच मांडावा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट असल्यामुळे घरातील स्त्रियांनी खरेदीला जाणे प्रवासखर्चाच्या दृष्टीने सोयीचे झाले आहे; तरीही बसस्थानकापासून दुकानापर्यंतची रिक्षा आणि परत येताना सामानासह करावी लागणारी रिक्षा धरली, तर चारपाचशे रुपयांच्या खरेदीत वाचलेले पैसे तेथेच संपतात. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून महिन्यातून एकदा जावे. पगारानंतरचा पहिला आठवडा, रविवारची संध्याकाळ आणि आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा, दिवाळी यांच्या आधीचे दिवस टाळून आठवड्यातील एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास निवांतपणे पाकिटे वाचता येतात.

कापडी पिशव्या घरून न्याव्यात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने दुकानात कागदी किंवा कापडी पिशवी विकत घ्यावी लागते. खरेदी आटोपून बिल होत असताना अचानक पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले होते. परंतु काउंटरवर वाद घालण्यापेक्षा आपल्या चार पिशव्या बरोबर असणे अधिक उपयोगाचे.

दारावर

आपली पिशवी दारावर ठेवून घेतली जाते आणि क्रमांकाचा बिल्ला दिला जातो, किंवा पिशवीचे तोंड प्लास्टिकच्या पट्टीने बंद केले जाते. पिशवी ठेवण्यापूर्वी तिच्यातून पैसे, दागिने, मोबाइल आणि कागदपत्रे काढून जवळ घ्यावीत. दुसऱ्या दुकानातून घेतलेली वस्तू जवळ असल्यास ती आत जातानाच रखवालदाराला दाखवावी, म्हणजे बाहेर पडताना प्रश्न उद्भवत नाही. थोडेच घ्यायचे असेल तर ढकलगाडीऐवजी हातातील टोपली घ्यावी. गाडी रिकामी दिसली की ती भरण्याचा मोह होतो आणि यादीत नसलेल्या वस्तू तिच्यात येऊन बसतात.

भाव वाचण्याची रीत

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि नवख्या माणसाने त्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा.

पाकिटावर छापलेली एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा कमी घेण्यास दुकानदार मोकळा आहे, जास्त घेण्यास नाही, आणि तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. मांडणीच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीवर दुकानाचा स्वतःचा भाव असतो. ही चिठ्ठी नेमकी आपल्याच वस्तूची आहे का, हे नाव आणि वजन जुळवून पाहावे, कारण लोक वस्तू उचलून पुन्हा भलत्याच जागी ठेवतात आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटाखाली २०० ग्रॅमच्या पाकिटाची चिठ्ठी असते.

दोन पाकिटांची तुलना किमतीवरून न करता किलोच्या किंवा लिटरच्या भावावरून करावी. यासाठी वेष्टनावर एमआरपीजवळच बारीक अक्षरांत ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममागे आणि त्याहून मोठ्या पाकिटावर किलोमागे देतात, त्यामुळे लहान पाकिटावरील आकड्याला १,००० ने गुणल्यावरच दोन्ही आकडे एका मापात येतात. समजा, ४०० ग्रॅम बेसन ५२ रुपयांना आणि एक किलो बेसन १३५ रुपयांना आहे. पहिल्याचा किलोचा भाव १३० रुपये होतो, म्हणजे येथे लहान पाकीट स्वस्त आहे. मोठे पाकीट नेहमीच किफायतीचे असते, हा समज चहा, बिस्किटे आणि साबण यांच्या बाबतींत अनेकदा चुकीचा ठरतो. शिवाय ही छापील युनिट किंमत एमआरपीवरून काढलेली असते. दुकानाने सवलत दिली असेल तर सवलतीच्या भावाला वजनाने भागून आपला हिशेब आपणच करावा. मोबाइलमधील गणकयंत्र त्यासाठी पुरेसे आहे.

वजनाकडे पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. पाकिटाचा आकार आणि रंग तोच ठेवून आतील वजन कमी केलेले असू शकते, आणि जे पाकीट आपण वर्षानुवर्षे एक लिटरचे किंवा एक किलोचे समजत आलो, ते आता ८५० मिलिलिटरचे किंवा ९०० ग्रॅमचे निघते.

खाद्यतेलाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे शेवेची भाजी, वांग्याचे भरीत आणि तळण यांमुळे तेलाचा खर्च मोठा असतो. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना सहज जाणवत नाही, आणि लिटरचा डबा थोडा स्वस्त दिसल्यामुळे तोच उचलला जातो. डब्यावर ‘किलो’ आहे की ‘लिटर’, हे वाचल्याशिवाय तेलाचा भाव ठरवू नये. माझ्या आईने गावच्या तेलवाल्याकडून आयुष्यभर किलोनेच तेल घेतले होते. शहरात आल्यावर महिनाअखेरीस तेल चार दिवस आधी संपू लागले, तेव्हा तिने आधी स्वतःच्याच हाताला दोष दिला. वेष्टन वाचल्यावर कारण कळले.

‘एकावर एक मोफत’ अशा पाटीपुढे थांबून तीन गोष्टी पाहाव्यात: दोन्ही नगांची मिळून किंमत इतर कंपनीच्या दोन नगांपेक्षा खरोखर कमी आहे का, त्यांची अंतिम तारीख जवळ आली आहे का, आणि ती योजना नेमक्या कोणत्या वजनाच्या पाकिटाला लागू आहे. घरात दोन माणसे असताना तीन बाटल्या सॉस घेणे किफायतीचे होत नाही.

तारखांमध्येही भेद आहे. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव आणि गुणवत्ता कोठवर उत्तम राहील ते सांगते. दुकानातील माणसे जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात, आणि तसे करणे त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. आपण दूध, दही, पाव, पनीर घेताना मागच्या रांगेतून उचलावे. खाद्यपदार्थावर चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका असतो. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे वस्तू भारतात बनली, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. तो क्रमांक फक्त बारकोडची नोंदणी भारतात झाल्याचे दर्शवतो. बाहेरून आणलेल्या मालावर उत्पादनाचा देश स्वतंत्रपणे छापलेला असतो, तो वाचावा.

सुटा माल आणि तोलणे

कांदे, बटाटे, फळे आणि काही ठिकाणी डाळी, तांदूळ, शेंगदाणे सुटे ठेवलेले असतात. ते आपल्या हाताने पिशवीत भरून त्याच विभागातील तोलकाट्यावर न्यावेत. तेथील कर्मचारी वजन करून भावाची चिकटपट्टी लावून देतो. ही पट्टी न लावता थेट बिलाच्या रांगेत जाणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची अडचण होय. ‘ताई, वजन करून आणा’ असे ऐकून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला परत जावे लागते आणि मागची रांग खोळंबते. काट्यावर पिशवी ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे का, आणि कर्मचाऱ्याने योग्य वस्तूचे बटण दाबले का, हे पट्टीवरील नाव वाचून तपासावे. दोन प्रकारचे तांदूळ दिसायला सारखे असतात आणि भावात बराच फरक असतो. सुटे धान्य निवडायला वेळ लागतो, तो द्यावा. येथे कोणी घाई करत नाही आणि कोणी भावही कमी करत नाही. घासाघीस येथे चालत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

दूध, दही, लोणी, आइस्क्रीम या थंड वस्तू सर्वांत शेवटी घ्याव्यात. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तशा दुपारी बसने गावी जायचे असेल तर आइस्क्रीम आणि चॉकलेट घेऊच नये, आणि लोणी घ्यायचेच असेल तर ओल्या कापडात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवावे.

कपडे घेताना मापाचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, आणि बदलून देण्याची मुदत व अटी आधी विचाराव्यात. अंतर्वस्त्रे बहुतेक ठिकाणी बदलून मिळत नाहीत.

फ्रीज, कूलर, टीव्ही यांसारख्या मोठ्या वस्तू

लग्नसराईत आणि नव्या संसारात ही खरेदी होते, आणि तिच्यात चूक झाली तर ती अनेक वर्षे सोसावी लागते. विजेची बचत दाखवणाऱ्या पट्टीवरचे तारे मोजताना त्या पट्टीवर छापलेले वर्ष आणि वर्षभरात लागणाऱ्या युनिटांचा आकडाही वाचावा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या निकषांत तितके राहतीलच असे नाही. वस्तू गावी न्यायची असेल तर चार प्रश्न विचारून उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत: घरपोच पोहोचवण्याचे पैसे किती, पोहोचवणारा माणूस गावापर्यंत येईल की तालुक्यापर्यंत, जोडणी कोण करून देईल, आणि दुरुस्तीचे अधिकृत केंद्र कोठे आहे. जळगाव-धुळ्यात केंद्र असले तरी कारागीर अक्राणी किंवा शिरपूरच्या आतील भागात येतोच असे नाही. गावाकडे विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझरची गरज आहे का, तेही तेथेच विचारावे.

हप्त्यांवर घेताना ‘बिनव्याजी’ या शब्दावर थांबू नये. प्रक्रिया शुल्क, विम्याची रक्कम आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट या तिन्ही बाबी विचाराव्यात. एकूण भरावी लागणारी रक्कम कागदावर मांडून ती रोख किमतीशी ताडून पाहावी आणि मगच सही करावी किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगावा. खोके उघडताना चित्रफीत काढावी, आणि जोडणी होऊन यंत्र नीट चालेपर्यंत खोके टाकू नये.

बिलाच्या काउंटरवर

सामान पट्ट्यावर ठेवताना ज्या वस्तूंच्या भावाविषयी शंका आहे किंवा ज्यांवर योजना आहे, त्या शेवटी ठेवाव्यात, म्हणजे त्या यंत्रापुढून जाताना आपले लक्ष पडद्यावर राहते. दोन माणसे असतील तर एकाने सामान काढावे आणि दुसऱ्याने केवळ पडदा पाहावा.

मोबाइल क्रमांक मागितला जातो. तो दिल्याशिवाय बिल होणार नाही, असे कोणी म्हटल्यास नम्रपणे नकार देता येतो. ग्राहकाला क्रमांक देण्याची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांसाठी काढली होती. सदस्यत्वाची सवलत हवी असेल तर क्रमांक जरूर द्यावा, पण तो आपला निर्णय असावा. पैसे देताना पडद्यावरील रक्कम आणि मोबाइलवरील रक्कम एकच आहे हे पाहावे. नेटवर्क अडकल्यास दुसऱ्यांदा पैसे पाठवण्यापूर्वी बँकेचा संदेश तपासावा, आणि थोडी रोख रक्कम नेहमी जवळ ठेवावी.

बिल हातात आल्यावर रांगेतून बाजूला होऊन, पण दुकानाच्या आतच, ते वाचावे. नगांची संख्या मोजावी, एकच वस्तू दोनदा लागली आहे का ते पाहावे, आणि चिठ्ठीवरील भाव व बिलातील भाव जुळवावा. एकदा शहरातील एका मोठ्या दुकानात आम्ही घेतलेल्या तुपाच्या दोन बरण्या बिलावर तीन लागल्या होत्या. हे घरी गेल्यावर कळले असते तर सिद्ध करणे अवघड होते. तेथेच दाखवल्यामुळे कर्मचाऱ्याने बरण्या मोजल्या आणि पाच मिनिटांत पैसे परत मिळाले. अशा चुका पुष्कळदा मुद्दाम केलेल्या नसतात, पण आपण न पाहिल्यास नुकसान तेवढेच होते. म्हणून आवाज न चढवता, बिल आणि वस्तू दोन्ही पुढे ठेवून बोलावे.

दारावरचा रखवालदार बिल पाहून त्यावर शिक्का मारतो किंवा छिद्र पाडतो. सामान आणि बिल जुळवण्यास हरकत घेऊ नये. मात्र अंगझडतीचा अधिकार त्याला नसतो. तसा प्रसंग आल्यास व्यवस्थापकाला बोलवायला सांगावे.

घरी आल्यावर

अलीकडची बिले उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात. घामाने आणि उन्हाने ती आपल्याकडे फार लवकर पुसट होतात किंवा काळी पडतात. त्यामुळे त्याच दिवशी बिलाचा फोटो काढावा, आणि हमीपत्र असलेल्या वस्तूच्या बिलाची झेरॉक्स हमीपत्राला जोडून ठेवावी.

वस्तू सदोष निघाली तर आधी दुकानात जावे. बिलावर परतीची मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलेले नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील याच कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. हा नियम दोष असलेल्या मालासाठी आहे. रंग आवडला नाही म्हणून कपडा बदलून देणे मात्र दुकानाच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून असते.

दुकानाने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीत बोलता येते. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजन कमी भरले, तर राज्याच्या वैधमापनशास्त्र (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे बिल आणि रिकामे वेष्टन यांसह अर्ज करावा. त्यामुळे असे वेष्टन फेकून देऊ नये. त्यानेही भागले नाही तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. अर्जात वस्तूचे नाव, बिलाचा क्रमांक व तारीख, दुकानाला आपण केव्हा आणि काय कळवले, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, म्हणजे पैसे परत, नवी वस्तू की दुरुस्ती, हे साध्या मराठीत लिहिले की पुरे होते.